थ्रू प्रॉपर चॅनेल

रविवार, १५ मार्च १९६४. पेसाहच्या सणाला बारा दिवस उरले होते आणि माझ्या घरातलं एकही कपाट अजून झाडून झालेलं नव्हतं. तरी मी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन (इथे रविवार कामाचाच वार) समोरच्या ओळीतल्या हनोकमामांच्या घरी भांडी बांधत बसले होते. पितळेची भांडी वर्तमानपत्रात, काचेची जुन्या पातळांत. मामा आणि सिमहामामी दुपारच्या बसने ओफाकिम सोडून हैफाला मुलीकडे निघाले होते, कायमचे. मामी रडत होती आणि बांधत होती. मी नुसती बांधत होते. मामा यातलं काहीच करत नव्हते. एका खोक्यावर बसून, दुसऱ्या खोक्यावर ठेवलेल्या टाइपरायटरवर ते सामानाची यादी टाइप करत होते. तीन प्रतींत.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"एक सामानाबरोबर. एक माझ्याजवळ."

"आणि तिसरी?"

"ऑफिस कॉपी."

"ऑफिस कुठाय मामा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लियाबाई, ऑफिस नसलं तरी ऑफिस कॉपी असते."

हा माणूस समजायला हे एक वाक्य पुरे आहे. पण मी त्यांना दोन वर्षं जवळून पाहिलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहायला हरकत नाही.

हनोक वरसोलकर मुंबईला गोदीतल्या एका कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते, शेवटची सहा हेड टायपिस्ट. १९६२ साली ते इथे आले तेव्हा अठ्ठावन्नचे होते. नेगेवच्या वाळवंटातल्या या नव्या गावात इंग्रजी हेड टायपिस्टची कोणाला गरज नव्हती. त्यांना कापडगिरणीच्या कोठीत बसवलं, सुताच्या रिकाम्या बॉबिनी मोजायला. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पहिल्या दिवशी कामावर काळा कोट घालून गेले आणि संध्याकाळी तो कापसाने पांढरा करून आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट. मामीने महिनाभर ब्रश मारला, मग कोट लपवून ठेवला.

टाइपरायटर त्यांनी बोटीने आणला होता. कपडे कमी आणले, पण तो आणला. पत्र्याच्या पेटीवर त्याची जागा, वर मामीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. रबर सुतळीला बांधून यंत्राला टांगलेलं, कारण "रबर आणि शिपाई, गरजेला सापडत नाहीत". हाताने ते सहीशिवाय काही लिहीत नसत. विचारलं तर म्हणत, "हाताने लिहिलेला कागद हातातच राहतो. टाइप केलेला फायलीत जातो."

हे घरातही चाले. मामा पहाटेच्या पाळीला जाताना मामीसाठी टेबलावर चिठ्ठी ठेवून जात. टाइप केलेली, म्हणजे इंग्रजीत, कारण त्या यंत्राला दुसरी भाषा येत नव्हती. मामीला मराठी छान वाचता येई, इंग्रजी अक्षर नाही. मग ती चिठ्ठी घेऊन दवाखान्यात येई. मी तिथे नोंदणीच्या खिडकीवर बसते. रांगेतल्या बायांना बाजूला करून ती कागद आत सरकवायची.

"वाच गो. काय म्हणतोय?"

चिठ्ठीत लिहिलेलं असायचं की कालच्या आमटीतल्या मिठाच्या प्रमाणाकडे आपलं लक्ष वेधण्यात येत आहे, आणि यापुढे योग्य ती काळजी घेतली जाईल अशी आशा आहे. खाली आद्याक्षरं.

"आमटी बरी झाली होती म्हणतात," मी सांगायची.

"एवढं मोठं लिहिलंय आणि तेवढंच?"

"मीठ थोडं कमी चालेल म्हणतात."

"मंग तोंडाने सांगायला काय झालं?"

हा प्रश्न मीही त्यांना एकदा विचारला. ते म्हणाले, "तोंडाने सांगितलं की भांडण होतं." खरं होतं. त्या दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. ते सगळं माझ्या खिडकीवर वाचून संपत असे.

दुपारी चारनंतर मामा दारासमोरच्या ओट्यावर यंत्र घेऊन बसत आणि लोक येत. आपल्याकडचेच ज्यू, मुंबई-ठाण्याचे, अलिबागकडचे. कोणाचं छप्पर गळतं, कोणाला दुसऱ्या गावात भावाजवळ घर हवंय, कोणाच्या मुलाला शाळेत मागच्या वर्गात बसवलंय. येणारा माणूस तापलेला असे. मामा डोळे मिटून ऐकत. शिव्या आल्या की एक बोट वर करत, म्हणजे ते वगळलं. सगळं ऐकून झालं की म्हणत, "आता हे कागदाच्या भाषेत सांगू."

एलायझा सुतार एकदा आला. त्याच्या घरात पहिल्याच पावसाने पलंगावर तळं केलं होतं. तो म्हणाला, घरं बांधणाऱ्याला त्या पलंगावर आणून झोपवतो, वर त्याच्या बापाला झोपवतो. मामांनी टाइप केलं: छतातून काही प्रमाणात ओलावा अनुभवास येत असल्याचे विनम्रपणे निदर्शनास आणण्याची परवानगी असावी. मी त्याला ते मराठीत वाचून दाखवलं. एलायझाचा राग बघता बघता उतरला. "वा," तो म्हणाला, "मी असं बोललो?" आणि घरी जाऊन ओल्या पलंगावर शांतपणे झोपला.

तीन आठवड्यांनी कचेरीचं एका ओळीचं उत्तर आलं, आपलं पत्र मिळालं. मामा तो कागद घेऊन गल्लीभर फिरले. "पोच आली! पोच!" छप्पर गळतच होतं. एलायझाने शेवटी स्वतःच शिडी लावून डांबर ओतलं. मामांच्या लेखी मात्र ते प्रकरण यशस्वी झालं होतं.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. या गावात कचेरीचं दार उघडं असतं, आत साहेब बाह्या वर करून बसलेला असतो, माणसं आत जाऊन टेबलावर हात आपटतात, साहेबही आपटतो, आणि दहा मिनिटांत काम तरी होतं किंवा कायमचं मोडतं. आम्ही मात्र बाहेर थांबून कागद आत पाठवत होतो. कागद इतका सभ्य असे की आत कोणी आजारी आहे, भुकेलं आहे, हे त्यातून कळतच नसे.

मिलकाचं प्रकरण याच भानगडीतून झालं.

मिलका तिशीची, विधवा. सासू राहेलआजी आणि दोन मुली तिच्यावर. ती गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होती. मामांच्या कागदाशी तिचा पहिला संबंध आला तो तिच्या आईला पाठवलेल्या पत्रामुळे. आई ठाण्याला. मिलकाला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून तिने मामांना मजकूर सांगितला आणि मामांनी तो इंग्रजीत टाइप केला. माझी प्रकृती समाधानकारक असून आपणही तशाच असाल अशी अपेक्षा आहे, मुलांची वर्तणूक चांगली आहे, वगैरे. आईने ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि उलट टपाली घाबरून मराठीत लिहिलं: "मिलका, तुला कोणी धरून ठेवलंय का? तुझ्याजवळ सरकारी माणूस बसलाय का? बसला असेल तर पुढच्या पत्रात मुलींची नावं उलट्या क्रमाने लिही, म्हणजे मला समजेल."

आम्ही पोट धरून हसलो. मामांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "मजकुरात चूक आहे का?" त्यांनी विचारलं. चूक नव्हती. तेवढंच त्यांना पुरलं.

१९६३च्या उन्हाळ्यात मिलकाला खोकला लागला. पिंजायच्या खात्यात कापसाची धूळ धुक्यासारखी असते. सुटून येणाऱ्या बाया केसांपासून भुवयांपर्यंत म्हाताऱ्या दिसतात. बाकीच्यांना सवय झाली, मिलकाची छाती सवय करून घेईना. आमच्या डॉक्टरने तपासलं आणि चिठ्ठी दिली, धुळीपासून दूर काम द्यावं, शक्य असल्यास. मुकादमाने 'शक्य असल्यास' एवढंच वाचलं आणि शक्य नाही म्हणाला. मुकादम रुमानियाचा, वाईट माणूस नव्हता, घाईचा माणूस होता. त्याला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येई आणि ती यंत्राची.

मिलका मामांकडे गेली. मामांनी अर्ज केला. दीड पान, चार प्रती. मग आठवडे गेले. मग स्मरणपत्र क्रमांक एक. मग स्मरणपत्र क्रमांक दोन, ज्यात 'आपल्या बहुमूल्य वेळेबद्दल आगाऊ आभार' असं वाढवलेलं होतं. मिलका मध्येमध्ये घरी राहू लागली. रात्री बसून काढायची, सकाळी उठवत नसे. गैरहजेरी वाढली तशी गिरणीतून तोंडी निरोप आला: याच खात्यात नियमित यायचं, नाहीतर नाव कमी. नाव कमी झालं की घरात शिजवायला काही नव्हतं, आणि नियमित गेली तर ती हिवाळा काढेल असं मला वाटत नव्हतं. मी डॉक्टर नाही, पण तिकडे आणि इथे मिळून बावीस वर्षं खोकले ऐकते आहे.

राहेलआजीला लिहिणं-वाचणं येत नाही, जीभ येते. ती ओट्यावर येऊन मामांना म्हणाली, "हनोक, तुझ्या कागदांनी माझ्या सुनेला वारा तरी घाल. तेवढाच उपयोग."

"आजी, कारवाई चालू आहे."

"तिची छाती चालू नाय."

माझी शेजारीण अलिस मोरोक्कोची. तीही आधी त्याच पिंजायच्या खात्यात होती. तिला धुळीने डोळे आले तेव्हा ती मुकादमाच्या टेबलावर चढून बसली होती आणि दुसरं काम मिळेपर्यंत उतरणार नाही म्हणाली होती. दुपारी उतरली ती घडी खात्यात, जिथे तयार कापडाच्या घड्या घालतात. तिने मला हिब्रूत विचारलं, "तुमचा म्हातारा रोज टकटक करतो ते वाचतं कोण?"

"कचेरी."

"कोणती कचेरी? मुकादमाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली घडी करून घातलेला कागद मी पाहिलाय. तुमच्या म्हाताऱ्याचाच असणार, इतकी सुबक घडी दुसरं कोण घालतं?"

मी त्याच दिवशी मामांकडे जाऊन ऑफिस कॉपी मागितली. ती तत्काळ मिळाली, हे सांगायला हवं. वर, उजव्या कोपऱ्यात तारीख. त्याखाली, कोणाला: मॅनेजर. आणि त्याखाली एक ओळ अधोरेखित: मार्फत, मुकादम, पिंजण खातं.

"मामा, ही तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"तक्रार नव्हे, विनंती. मुकादम जागा देत नाही याबाबत."

"आणि दिलीत कोणाकडे?"

"मुकादमाकडे. वर पाठवायला."

"तो पाठवेल?"

"पाठवावीच लागेल, लियाबाई. थ्रू प्रॉपर चॅनेल आहे."

"त्याला इंग्रजी येतं का?"

मामांनी माझ्या हातातली कॉपी परत घेतली. गोदीतल्या कचेरीत ते बरोबर होते. तिथे वरच्याविरुद्धचा अर्जही वरच्यामार्फतच जाई, आणि वरच्याने तो दडपला तर त्याचीच नोकरी धोक्यात येई. तीस वर्षं त्यांनी कागद असे वर चढताना पाहिले होते. इथे चढायला जिनाच नव्हता, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"टेबलाखाली आहे तो," मी म्हणाले. गोड करून सांगायची मला सवय नाही.

त्यांनी कॉपी फायलीत परत लावली. यंत्रावर लुगड्याचा तुकडा टाकला. आठ दिवस तो तुकडा निघाला नाही. लोक येत, मामा म्हणत, "रिबन संपली आहे." मामी माझ्या खिडकीवर आली, हातात चिठ्ठी नव्हती. "तो बोलत पण नाय आणि लिहीत पण नाय," ती म्हणाली.

सुक्कोतच्या सणानंतरच्या आठवड्यात, ऑक्टोबरात, मिलकाचं नाव गिरणीच्या कामगार समितीपुढे आलं. ठेवायची की काढायची, तिथेच ठरणार होतं. मला दवाखान्याचं कार्ड घेऊन बोलावलं होतं. मिलकाच्या बाजूने बोलायला तिने एक माणूस आणावा असं होतं. अलिस तयार होती. पण सकाळी गिरणीच्या दारात पाहते तो मामा. काळा कोट, टाय, काखेत गुंडाळी.

"अलिस बोलणार आहे ना?" मी मिलकाला हळूच विचारलं.

"मामा म्हणाले, कागद माझा आहे, मी येणार." तिला खोकल्याची उबळ आली. "मी कशी नको म्हणू?"

समितीची खोली लहान. अध्यक्ष, आणखी दोघं, मुकादम, आणि खिडकीशी छोट्या टेबलावर इतिवृत्त घेणारी टायपिस्ट, इथेच जन्मलेली विशीची मुलगी. मामांनी गुंडाळी उलगडून भिंतीला टेकवली. तीन कागद जोडून केलेला तक्ता. रकाने, तारखा, गैरहजेरी, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, स्मरणपत्रांचे क्रमांक. सगळं इंग्रजीत, सगळं टाइप केलेलं, अक्षरं एवढी बारीक की अध्यक्षांच्या खुर्चीतून फक्त राखाडी रंग दिसत असणार.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"स्टेटमेंट," मामा म्हणाले.

"इंग्रजी? काढा ते. हिब्रूत सांगा, तोंडाने. लवकर."

मामांनी तोंड उघडलं. त्यांची हिब्रू व्याकरणात चोख होती, पण एकेक शब्द तपासून बाहेर येई. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मुकादम बोलू लागला, की ही बाई नेहमी गैरहजर, माझं खातं कसं चालणार. समितीतला एक जण त्याच्यावर ओरडला. दुसरा पहिल्यावर. फोन वाजला, अध्यक्ष फोनवर ओरडू लागले. तक्ता भिंतीवरून घसरून जमिनीवर गुंडाळला गेला. मिलका दाराशी ओढणी तोंडावर दाबून उभी होती. मी दवाखान्याचं कार्ड वर धरलं, कोणी पाहिलं नाही. संपलं, असं मला वाटलं. नाव कमी.

मामा कोणाकडेच पाहत नव्हते. ते टायपिस्टकडे पाहत होते. तिचे हात यंत्रावर अधांतरी होते. चार माणसं एकदम बोलत होती, लिहायचं कोणाचं? कागदावर तारखेशिवाय अक्षर नव्हतं. मला वाटतं, टायपिस्टचे हात रिकामे आहेत हेच त्यांना सोसलं नाही. ते समितीकडे पाठ करून सरळ तिच्या टेबलाशी गेले, हात मागे बांधले, आणि म्हणाले, "लिही, मुली."

आणि त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. तीस वर्षं साहेब त्यांना सांगत आले होते, तसा. तीन पावलं खिडकीपर्यंत, तीन पावलं परत. चार-पाच शब्द, मग थांबायचं. टकटक संपली की पुढचे. त्यांच्याजवळ हिब्रू शब्दच थोडे, त्यामुळे विनम्रपणे निदर्शनास आणायची सोय नव्हती.

"मिलका पिंजणात काम करते. तिथे धूळ आहे. धूळ तिच्या छातीत जाते. डॉक्टरने तीन वेळा लिहिलं. मी तीन वेळा लिहिलं."

त्या मुलीची बोटं चालू लागली. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून तिच्या यंत्राची गाडी उलट्या दिशेने सरकते. मामा क्षणभर तिकडे बघत राहिले, मग पुढे सांगू लागले.

"मी इंग्रजीत लिहिलं. मुकादमाला इंग्रजी येत नाही. त्याने वाचलं नाही. चूक माझी आहे. त्याची नाही. मिलकाची नाही."

यंत्राच्या आवाजाने खोली गप्प झाली होती. माणूस ओरडत असला की त्याच्यावर ओरडता येतं, पण काहीतरी टाइप होतंय म्हटल्यावर आधी ऐकावं लागतं. मुकादम सगळ्यांत आधी थांबला. "काय लिहितेय ती? माझं नाव आलं का?" अध्यक्षांनी फोन ठेवला.

"घडी खात्यात धूळ नाही. मिलकाचे हात चांगले आहेत. तिला दोन मुली आहेत. तिला रविवारपासून घडी खात्यात पाठवा." मामा थांबले. "एवढंच."

मी इतके महिने त्यांचे कागद वाचत होते. 'झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो' असं त्यांनी शेकडो वेळा टाइप केलं असेल. 'चूक माझी आहे' हे त्या यंत्रातून कधी निघालं नसतं.

"वाच," अध्यक्ष मुलीला म्हणाले. तिने वाचलं. त्या कागदावर तेवढंच होतं, बाकीच्यांचं एक अक्षर नव्हतं. अध्यक्षांनी मुकादमाकडे पाहिलं. "खरं आहे?"

मुकादम मघापासून मामांकडेच बघत होता. सगळ्यांसमोर दोष आपल्यावरून कोणी उचलून नेईल, हे त्याला अपेक्षित नव्हतं. "कागद आले होते," तो म्हणाला. "मला वाटलं, कसली तरी जाहिरात आहे." मग खांदे उडवून म्हणाला, "घडी खात्यात एक बाई चालेल. पण माझ्याकडे तिच्या जागी दुसरी बाई पाहिजे."

"मिळेल. खाली तेवढं लिही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी सही केली. मिलका कामावर राहिली.

बाहेर मिलका मला विचारत होती, "काय ठरलं? मला अर्धंच समजलं."

"रविवारपासून घडी खातं."

ती पायरीवर बसली, खोकली, हसली, पुन्हा खोकली. राहेलआजी दाराबाहेर ठाण मांडून बसली होती. तिने मामांना विचारलं, "कागदाने झालं का तोंडाने?"

मामा दुसऱ्याच विचारात होते. "लियाबाई," ते म्हणाले, "ती मुलगी दोन बोटांनी टाइप करते. समितीची टायपिस्ट! दोन बोटांनी!" थोडं चालल्यावर म्हणाले, "पण वेग आहे."

यानंतर मामा बदलले असं मी म्हणणार नाही. लुगड्याचा तुकडा निघाला, ओट्यावर टकटक सुरू झाली. आमटीबद्दलच्या चिठ्ठ्याही सुरू झाल्या. फरक एवढाच की आलेल्या माणसाला ते आधी म्हणत, "दहा हिब्रू शब्दांत सांग." माणूस अडखळत सांगे. पुष्कळदा सांगता सांगताच त्याला समजे की कुठे जायचं आणि कोणाला गाठायचं, आणि तो अर्ज न घेताच उठे. मामा मागून ओरडत, "अरे, प्रत तरी घेऊन जा!"

हैफाला जाण्याचं कारण चांगलं होतं. मुलीला बाळ होणार होतं, आणि जावयाने बंदरावर एका जहाज कंपनीच्या दलालाकडे मामांसाठी काम पाहिलं होतं. परदेशी इंग्रजी पत्रं लिहायची. शेवटी त्यांच्या कागदाला वाचणारा मिळाला, म्हणून मला बरं वाटलं. मामी गेली याचं वाईट वाटलं, ते वेगळं.

त्या रविवारी दुपारी बस आली तेव्हा वारा सुटला होता आणि रस्ता धुळीने पिवळा झाला होता. मामी सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली. मामा आधीच आत जाऊन खिडकीशी बसले होते, मांडीवर यंत्र. त्यांना निरोपाचं काही सांगता येत नव्हतं आणि तिथे टाइप करायची सोय नव्हती. तेवढ्यात गिरणीची पाळी सुटली आणि मिलका धावत आली. धावत. दम न लागता. मामांनी काच खाली केली. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, कागदात चुका शोधताना बघत तसे, डोक्यापासून खालपर्यंत.

"तुझ्या केसांत कापूस नाही," ते म्हणाले.

"पाच महिने नाही, मामा."

त्यांनी मान हलवली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मामांनी काच वर केली, कारण यंत्रावर धूळ बसत होती, आणि बस बेरशेबाच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलका तपासणीला आली. डॉक्टरने छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि पुढे दर आठवड्याला यायची गरज नाही म्हणाला. ती गेल्यावर मी तिचं कार्ड दर सोमवारच्या खोक्यातून काढलं, सहा महिन्यांच्या खोक्यात मागे नेऊन लावलं, आणि खिडकी उघडून पुढच्या बाईला हाक मारली.